मेंदूचे चित्र आणि खाडीचे चित्र

देवगड तालुक्यातील मिठबाव हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एक गाव. पश्चिमेस समुद्र, किनाऱ्यालगत माडांच्या बागा, खाडीच्या कडेने कांदळवन, चढणीवर हापूस आंब्याची कलमे आणि त्यांच्याही वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, अशी या परिसराची रचना आहे. समुद्राकडील उंचवट्यावर असलेल्या गजबादेवीच्या मंदिरापाशी उभे राहिल्यास यातील बराच भाग एका दृष्टिक्षेपात येतो. मात्र कांदळवनाखालील क्षेत्र नेमके किती, दहा वर्षांत ते वाढले की घटले, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

माणसाच्या मेंदूचीही हीच स्थिती आहे. कवटीच्या भक्कम कवचाआड असलेला हा अवयव दीर्घकाळ वैद्यांना अगम्य राहिला. त्याला न दुखावता त्याच्या आत काय घडते आहे हे पाहणे, आणि विस्तीर्ण निसर्गाचा कोपरान् कोपरा न तुडवता त्याची स्थिती जाणणे, हे दोन प्रश्न वरवर पाहता अगदी भिन्न वाटतात. तथापि गेल्या सुमारे पन्नास वर्षांत विज्ञानाने या दोहोंची उत्तरे एकाच मार्गाने शोधली आहेत. दुरून मोजमाप करावयाचे, त्या मोजमापांचे आकडे संगणकाच्या साहाय्याने मांडावयाचे आणि आकड्यांचे चित्र करावयाचे, असा हा मार्ग आहे. या चित्रांच्या आधारे आज रुग्णावर उपचार होतात आणि गावाच्या जमिनीविषयी निर्णयही घेतले जातात. म्हणूनच चित्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हे लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कवटीच्या आतील दर्शन

१८९५ साली विल्हेल्म रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यामुळे शरीरातील हाडे दिसू लागली. परंतु मेंदूसारखा मऊ अवयव साध्या क्ष-किरण चित्रात उमटत नसे. ही अडचण ब्रिटिश अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी दूर केली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र प्रथमच घेण्यात आले. आज सीटी स्कॅन म्हणून ओळखली जाते ती हीच पद्धती. तिच्यामागील गणित ॲलन कॉर्मॅक यांनी स्वतंत्रपणे मांडले होते. या दोघांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या पद्धतीचे तत्त्व कोकणातील वाचकास माडाच्या बागेवरून सहज ध्यानी येईल. बागेत पाऊल न टाकता तिच्या कुंपणाभोवती फेरी मारली आणि प्रत्येक ठिकाणाहून समोरच्या सरळ रेषेत किती माड येतात याची नोंद घेतली, तर पुरेशा नोंदी जमल्यावर कोणता माड नेमका कोठे आहे याचा नकाशा कागदावर मांडता येईल. सीटी स्कॅनचे यंत्र डोक्याभोवती फिरून असेच करते. प्रत्येक दिशेने जाणारा क्ष-किरण किती प्रमाणात शोषला गेला याची ते नोंद घेते आणि संगणक त्या नोंदींवरून मेंदूच्या प्रत्येक लहानशा भागाची घनता काढतो. पाण्यासाठी शून्य व हवेसाठी उणे एक हजार अशी मोजपट्टी यासाठी ठरविण्यात आली असून तिला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे.

या आकड्यांवर रुग्णाचा जीव अवलंबून असतो. पक्षाघाताचा झटका दोन कारणांनी येतो: मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून लक्षणे सारखीच दिसतात. तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, बोलणे अडखळते. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्राव झालेल्या रुग्णास दिल्यास ते घातक ठरते. ताजे रक्त सीटी चित्रात आजूबाजूच्या मेंदूपेक्षा अधिक पांढरे दिसते, त्यामुळे हा भेद काही मिनिटांत स्पष्ट होतो. गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. किनाऱ्यावरील गावातून सुसज्ज रुग्णालयापर्यंतचा प्रवास या साडेचार तासांतच बसवावयाचा असतो. म्हणून लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवणे, घरगुती उपायांत वेळ न दवडणे व तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविणे, या तीन गोष्टी प्रत्येक घरी ठाऊक असावयास हव्यात.

पुढे पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनातून चुंबकीय अनुस्पंदनावर आधारलेली एमआरआय पद्धती विकसित झाली. त्यासाठी त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. शरीरातील पाण्यात असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओ लहरींनी क्षणभर विचलित केले जाते आणि ती पूर्वस्थितीस येताना जे संकेत देतात त्यांपासून चित्र तयार होते. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणातील बदल याच पद्धतीने टिपता येतो हे दाखविले. मेंदूचा जो भाग कार्यरत असतो तेथील रक्तपुरवठा वाढतो. तो टिपणाऱ्या चित्रांना कार्यदर्शी एमआरआय म्हणतात.

आकाशातून खाडीचे दर्शन

हाउन्सफील्ड यांचे पहिले चित्र निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे जुलै १९७२ मध्ये, अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. उपग्रहावरील उपकरणे जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश निरनिराळ्या तरंगलांबींत मोजतात. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते, परंतु डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंच्या तुलनेवरून एखाद्या जागी हिरवाई किती आहे हे समजते. कांदळवनाखाली ओला चिखल व पाणी असल्याने त्याचा संकेत डोंगरावरील झाडीहून वेगळा येतो व ते वेगळे ओळखता येते.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या १९८७ च्या पहिल्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र १४० चौरस किलोमीटर दिले होते. २०१९ च्या अहवालात ते ३२० चौरस किलोमीटर आहे. ही नोंद समाधान देणारी असली तरी तिचा अर्थ सावधपणे लावावयास हवा. आरंभीची चित्रे स्थूल होती व त्यांत खाडीकाठचे अरुंद पट्टे टिपले जाणे कठीण होते. पुढे चित्रे सूक्ष्म झाली तसे असे पट्टेही मोजणीत येऊ लागले. म्हणजे आकड्यातील सारी वाढ नव्या झाडांची नाही. काही वाढ आपल्या पाहण्याच्या शक्तीची आहे.

चौकटीची मर्यादा

मेंदूचे चित्र असो वा खाडीचे, ते लहान लहान चौकटींचे बनलेले असते आणि प्रत्येक चौकटीस एकच आकडा मिळतो. लँडसॅटच्या आजच्या नेहमीच्या चित्रातील एक चौकट ३० मीटर लांब व तितकीच रुंद असते. गावच्या भाषेत सांगावयाचे तर ती सुमारे ९ गुंठे जमीन होय. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची सूक्ष्म चौकट १० मीटरची, म्हणजे साधारण एका गुंठ्याची असते. ९ गुंठ्यांत काही तिवरे, थोडा माडांचा भाग आणि उरलेले पाणी असेल, तर या सर्वांचा मिळून एकच आकडा येतो. मेंदूच्या चित्रातही एक मिलिमीटरच्या घनात हजारो चेतापेशी सामावलेल्या असतात व चित्र त्यांचा एकत्रित संकेतच दाखविते.

या मर्यादेला कायदेशीर महत्त्वही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवनाच्या तोडीस मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात हे संरक्षण कायम करून कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामास प्रतिबंध केला. ५० मीटरचा पट्टा ३० मीटरच्या चौकटींनी आखावयाचा ठरविला, तर एका चौकटीची चूकही निम्म्याहून अधिक पट्टा सरकवील. अशा चुकीने एखाद्याची वहिवाटीची जमीन विनाकारण अडकेल, किंवा खरे कांदळवन संरक्षणाबाहेर राहील. म्हणून असे काम अधिक सूक्ष्म चित्रे, गावनकाशा व जागेवरील मोजणी यांचा मेळ घालूनच करावे लागते.

चित्र फसविते तेव्हा

२००९ मध्ये अमेरिकेतील क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चमत्कारिक वाटणारा प्रयोग मांडला. त्यांनी एक मृत सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखविली' आणि जिवंत माणसाच्या मेंदूचे करतात तसेच त्याचे विश्लेषण केले. हजारो चौकटींची एकाच वेळी तपासणी करताना जी सांख्यिकीय दुरुस्ती करावी लागते ती वगळली, तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसू लागली! दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली. हजारो ठिकाणी शोध घेतला की निव्वळ योगायोगाने काही ठिकाणी काहीतरी सापडतेच, हा धडा या प्रयोगाने संशोधकांना दिला.

परिसराच्या चित्रातही अशी फसगत संभवते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्रावर १० टक्के वा अधिक वृक्षछाया असल्यास ते वनाच्छादन धरले जाते. मग जमिनीची मालकी कोणाची, झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. साहजिकच देवगडच्या हापूस बागाही या आकड्यात येऊ शकतात. व्याख्या चुकीची नाही. परंतु वनाच्छादन वाढले याचा अर्थ रान वाढले असा घेणे मात्र चुकीचे ठरेल.

याउलट स्थिती सड्याची. उन्हाळ्यातील उपग्रहचित्रात तो निर्जीव खडक दिसतो व पडीक जमिनीच्या वर्गीकरणात ओसाड खडकाळ क्षेत्र म्हणून गणला जाण्याची शक्यता असते. पावसाळ्यात याच कातळावर गेंद, तेरडा आणि कीटकभक्षी सीतेची आसवे यांचे ताटवे फुलतात, तळी भरतात, गुरांना चारा मिळतो. कोकणातील कातळशिल्पेही अशाच सड्यांवर आहेत. जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये समाविष्ट झालेल्या कातळशिल्पांच्या स्थळांत सिंधुदुर्गातील कुडोपी आहे. एका ऋतूतील चित्रावरून सड्याला ओसाड ठरविणे म्हणजे झोपलेल्या माणसाला निष्क्रिय ठरविण्यासारखे आहे.

दोन शास्त्रांची भेट

ही दोन शास्त्रे आता एकमेकांच्या अगदी जवळ येऊ लागली आहेत. २०२२ मध्ये बर्लिन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी ६३ निरोगी व्यक्तींच्या मेंदूची कार्यदर्शी चित्रे घेतली. काहींना तासभर जंगलात, तर काहींना गजबजलेल्या बाजाररस्त्यावर चालावयास पाठविले. भीती व ताण यांच्याशी संबंधित असलेल्या मेंदूतील बदामाच्या आकाराच्या भागाची सक्रियता जंगलातील फेरीनंतर कमी झाल्याचे आढळले. रस्त्यावरील फेरीनंतर तसा बदल झाला नाही. हा निष्कर्ष उद्बोधक आहे. परंतु तो एका शहरातील थोड्या व्यक्तींवरील व एका तासाचा आहे. झाडीखाली राहणाऱ्यास मनोविकार होत नाहीत, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

गावाची साक्ष

डॉक्टर केवळ चित्र पाहून उपचार करीत नाहीत; ते रुग्णाला तपासतात, नातेवाइकांना विचारतात आणि मगच चित्राचा अर्थ लावतात. उपग्रहचित्रालाही अशीच प्रत्यक्ष पडताळणी लागते, आणि ती करण्यास गावाइतका जाणता साक्षीदार दुसरा नाही. तिवर कोठे संपते व चिपी कोठे सुरू होते, भरतीचे पाणी कोणत्या बांधापर्यंत येते, सड्यावरील कोणते तळे केव्हा आटते, हे मच्छीमार, बागायतदार व गुराखी यांना ठाऊक असते.

या ज्ञानाला २००२ च्या जैविक विविधता कायद्याने अधिकृत स्थान दिले आहे. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख काम आहे. या नोंदवहीची कल्पना रुजविण्यात ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. नोंदवही केवळ कपाटात ठेवण्यासाठी भरली गेली तर तिचा उपयोग नाही. तीत जागा, ऋतू, तारीख व शक्य तेथे सर्व्हे क्रमांक यांची नोंद असेल, तरच ती नकाशाशेजारी ठेवून पाहता येईल.

एखादा नकाशा ग्रामसभेपुढे आला असता सदस्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. चित्र कोणत्या महिन्यातील आहे? त्या वेळी भरती होती की ओहोटी? त्यातील एक चौकट किती गुंठ्यांची आहे? आणि जागेवर जाऊन पडताळणी कोणी व केव्हा केली? शाळांना यातून चांगला उपक्रम मिळू शकेल. विद्यार्थ्यांनी खाडीकाठच्या एकाच ठिकाणची नोंद दर महिन्याला ठेवली, तर काही वर्षांत ती कोणत्याही उपग्रहचित्राला पूरक असा दस्तऐवज ठरेल.

विज्ञानाने माणसाला कवटीआड पाहण्याची व आकाशातून पाहण्याची दृष्टी दिली. त्या दृष्टीने दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र रुग्णाजवळच्या डॉक्टरांची आणि खाडीकाठच्या गावाची आहे. ती नीट पार पडली, तरच मिठबावसारख्या गावांचे नकाशे तेथील जमीन, पाणी आणि माणसे यांच्याशी प्रामाणिक राहतील.