संशोधनाची वाट

नागपूर जिल्ह्यात उमरेडच्या पुढे भिवापूर हे तालुक्याचे गाव आहे. त्याचे नाव दूरवर पोहोचले ते तेथील मिरचीमुळे. हिवाळा सरू लागला म्हणजे तोडलेली मिरची उन्हात वाळत पडते आणि भुईवर लाल जाजम अंथरल्यासारखे दिसते. सातऱ्यावर बाया देठ खुडीत बसतात. वाटेने जाणाऱ्या नवख्या माणसास मात्र शिंकांवर शिंका येतात. भडक रंग आणि झणझणीत चव यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या देशी वाणास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजेच ‘भिवापुरी मिरची’ या नावास आता कायद्याचे संरक्षण आहे.

परंतु या पिकास एक जुना शत्रू आहे. त्यास शेतकरी ‘चुरडामुरडा’ म्हणतात. मिरचीची कोवळी पाने आकसतात, वाकडीतिकडी होतात, झाडाची वाढ खुंटते आणि फळ धरत नाही. शेतकरी बिचारा दुकानातून औषध आणतो व फवारतो. कधी गुण येतो, कधी येत नाही. एकाच रोगावर एकच औषध; मग एका शेतात ते लागू पडावे आणि दुसऱ्या शेतात पडू नये, असे का?

या ‘का’चे उत्तर संशोधकांनी शोधून काढले आहे. हा एक रोग नव्हेच. फुलकिडे नावाचे बारीक कीटक पानांतील रस शोषतात, तेव्हा पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात. डोळ्यांस सहज न दिसणारे कोळी रस शोषतात, तेव्हा पाने खालच्या बाजूस वळतात. हे कोळी कीटक नव्हेत. पूर्ण वाढ झालेल्या कोळ्यास आठ पाय असतात. म्हणून कीटक मारणारी पुष्कळशी औषधे त्यांवर चालत नाहीत. तिसरे कारण एक विषाणू होय. पांढरी माशी त्यास एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. विषाणू झाडात एकदा शिरला, की कोणत्याही फवारणीने तो बाहेर निघत नाही. नाव एक, पण कारणे तीन. आणि उपायही वेगवेगळे!

हे ज्ञान कोणास बसल्या जागी सुचले नाही. समजा, रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो की नाही, हे पाहावयाचे आहे. मग निरोगी रोपे जाळीच्या आवरणात ठेवावी लागतात. काही रोपांवर रोगट झाडावरच्या माश्या सोडावयाच्या, काहींवर निरोगी झाडावरच्या माश्या सोडावयाच्या, तर काहींवर एकही माशी बसू द्यावयाची नाही. माती, पाणी व ऊन सर्वांस सारखेच द्यावयाचे. नंतर दिवसामागून दिवस पाने तपासून नोंदी ठेवावयाच्या. एकदा उत्तर मिळाले तरी भागत नाही. तोच प्रयोग पुनःपुन्हा करून तेच उत्तर येते काय, हे पाहावे लागते. रोगास दाद न देणारा नवा वाण तयार करणे तर याहूनही चिकाटीचे काम आहे. दोन वाणांचा संकर करून निवडलेल्या झाडांचे गुण स्थिर होण्यास सहा-सात पिढ्या लागतात. वर्षाकाठी एकच पीक घेतले, तर एका वाणासाठी तितकी वर्षे खर्ची पडणार, हे उघड आहे.

आता कोणत्याही शाळेतील एखाद्या वर्गात जाऊन ‘तुम्ही मोठेपणी कोण होणार?’ असे विचारून पाहावे. कोणी डॉक्टर होईन म्हणेल, कोणी इंजिनिअर, कोणी शिक्षक, तर कोणी सैनिक. ‘मी संशोधक होणार’ असे म्हणणारा हात क्वचितच वर येईल. आपल्या देशात दर दहा लाख लोकांमागे 2000 साली 110 संशोधक होते. 2017 साली ही संख्या 255 झाली. वाढ झाली खरी. पण त्याच वर्षी दक्षिण कोरियात दहा लाख लोकांमागे सात हजारांहून अधिक संशोधक होते. आपल्या मुलांत बुद्धीची उणीव आहे काय? मुळीच नाही. मग या वाटेने जाणारे इतके थोडे का?

पहिले कारण असे, की संशोधक लोकांच्या दृष्टीस पडत नाही. गावात डॉक्टरांचा दवाखाना असतो, गुरुजींची शाळा असते. संशोधकाची प्रयोगशाळा मात्र दूर शहरात असते. नागपुरात पाणी, हवा व सांडपाणी यांचा अभ्यास करणारी संस्था 1958 साली स्थापन झाली आणि कापसाच्या संशोधनाची केंद्रीय संस्था 1976 साली. परंतु जवळच्या खेड्यांतील कितीतरी मुलांनी या संस्थांची नावेही ऐकलेली नसतात. जे कधी पाहिले नाही, ते व्हावेसे वाटणार कसे?

दुसरे कारण वाटेच्या लांबीचे आहे. बारावीनंतर पदवीस तीन वर्षे, पदव्युत्तर शिक्षणास दोन वर्षे आणि डॉक्टरेटसाठी आणखी सुमारे पाच वर्षे लागतात. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये शिष्यवृत्ती ठरली आहे. पण तिथवर पोहोचेपर्यंत घरातील माणसांस धीर धरावा लागतो. एका पावसावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते, त्या आईबापांना मुलाने लवकर मिळवते व्हावे असे वाटले, तर त्यात त्यांचा दोष नाही. शिवाय देशाचा हातही सढळ नाही. 2020-21 साली देशाच्या शंभर रुपयांच्या उत्पादनातील केवळ 64 पैसे संशोधनावर खर्च झाले.

तिसरे कारण शिकण्याच्या रीतीत आहे. पुस्तकातील प्रश्नांची उत्तरे आधीच ठरलेली असतात. ती पाठ केली की गुण मिळतात. संशोधनाचा आरंभ मात्र ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही अशा प्रश्नापासून होतो. चूक होईल या भयाने जो प्रश्नच विचारीत नाही, त्यास ही वाट अवघड वाटणारच.

तरीही ज्यांनी ती धरली, त्यांत साधनसंपन्न घरांतलीच मुले होती असे नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म 1943 साली गोव्यातील माशेल या गावी झाला. लहानपणीच वडील वारले. आईने मुंबईत पडेल ते काम करून मुलास शिकविले. शाळेत भावे नावाच्या शिक्षकांनी एकदा मुलांना उन्हात नेले आणि भिंगाने सूर्याचे किरण एका ठिकाणी आणून कागद जाळून दाखविला. मनाची शक्तीही अशीच एकवटता येते, हा धडा त्या मुलाने जन्मभर जपला. पुढे ते देशातील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख झाले. हळदीने जखम बरी होते हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेले ज्ञान. त्यावर अमेरिकेत 1995 साली पेटंट देण्यात आले. या परिषदेने पुराव्यानिशी हरकत घेतली व 1997 साली ते रद्द करविले.

मुलींची वाट तर याहून बिकट होती. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकावयास गेल्या, तेव्हा त्या स्त्री आहेत म्हणून प्रथम त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या हटल्या नाहीत. अखेर कठोर अटींवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे तेथे इतर मुलींसाठीही दार उघडले. 1939 साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या स्वदेशी परतल्या आणि गोरगरिबांच्या आहारातील कडधान्ये, नीरा यांसारख्या पदार्थांतील पोषक द्रव्यांचा अभ्यास करू लागल्या.

शिष्यवृत्त्या वाढविणे, प्रयोगशाळा उभारणे ही मोठ्या माणसांची कामे होत आणि ती त्यांनी केलीच पाहिजेत. पण संशोधनाची पहिली पायरी मुलांच्याही आवाक्यात आहे. तिला एक वही, एक पेन्सिल आणि जमल्यास एक भिंग एवढेच साहित्य लागते. भिवापूरच्या एखाद्या मुलीने आपल्या शेतातील वीस झाडे निवडावी. दर आठवड्यास किती झाडांची पाने वर वळली व किती झाडांची खाली, हे मोजावे. त्या आठवड्यात पाऊस पडला की नाही, हेही तारखेसह लिहावे. हंगाम संपेल तेव्हा तिच्या वहीत जे असेल, ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नसेल.

मिरचीचा विषाणू आपले रूप पालटत राहतो, म्हणून काल टिकलेला वाण उद्या टिकेलच असे नाही. तेव्हा त्या शेतातील ‘का’ अजून संपलेला नाही. त्याचे पुढचे उत्तर ज्याला किंवा जिला सापडावयाचे आहे, ते मूल कदाचित आज कुठल्यातरी शाळेच्या बाकावर बसलेले असेल.