ओळख दाखवत नाही, की ओळखूच येत नाही?

लग्नसराईत डाळज-भिगवणकडच्या कुठल्याही मांडवात थोडा वेळ उभे राहा. पंक्तीतून उठून हात पुसत आलेली आत्या पुण्याहून आलेल्या भाच्याचं कोपर धरते आणि परीक्षा सुरू होते. ‘‘काय रं, वळाकलंस का मला?’’ पोरगा कसनुसं हसतो, ‘‘म्हणजे काय, न ओळखायला काय झालं’’ म्हणतो, पण नातं काही उच्चारत नाही. वऱ्हाड पांगायच्या आत निकाल लागलेला असतो: पगार वाढला, माज आला, आता ओळखसुद्धा दाखवत नाही.

हा निकाल इतक्यांदा कानावर येतो की चीड येते. माज असणारे असतीलही. पण चेहरा लक्षात राहणं हे मनावर घेण्यावर अवलंबून असतं आणि ते सगळ्यांना सारखंच जमतं, ही समजूत साफ चुकीची आहे. उंची जशी माणसागणिक वेगळी असते, तशीच ही क्षमताही.

ती मोजताही येते. ब्रॅड डुशेन आणि केन नाकायामा यांनी २००६ मध्ये ‘केंब्रिज फेस मेमरी टेस्ट’ प्रसिद्ध केली. तिच्यात आधी सहा अनोळखी पुरुषांचे चेहरे दाखवतात. केस आणि कपडे कापलेले, नुसता चेहरा. मग तीन-तीन चेहऱ्यांतून आधी पाहिलेला निवडायचा. पुढे कोन बदलतो, प्रकाश बदलतो, शेवटी चित्रावर मुद्दाम दाणे पसरून ते धूसर केलेलं असतं. प्रश्न एकूण ७२. डोळे मिटून उत्तरं ठोकली तरी २४ बरोबर येतील. साधारण माणूस ५८ च्या आसपास जातो. काही जण जवळजवळ पैकीच्या पैकी मिळवतात, तर काही चाळिशीच्या घरातच अडकतात, तेही डोळे ठणठणीत आणि डोकं तल्लख असताना.

या खालच्या टोकाला ‘प्रोसोपॅग्नोशिया’ म्हणतात. मेंदूला इजा झाल्यावर तो होतो हे जुनं ज्ञान. जन्मापासूनही असतो आणि अंदाजे शंभरात दोघांना असतो, हे अलीकडचं. अशी माणसं आवाजावरून, चालीवरून, मिशीवरून निभावून नेतात. मिशी उतरवली की संपलं. मांडवात तर सगळेच पांढऱ्या टोपीत, पांढऱ्या शर्टात. म्हणजे खुणेला केसांची ठेवणसुद्धा उरत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांना हा त्रास होता. समोरच्या दाढीवाल्या माणसाला धडकता धडकता ते ‘माफ करा’ म्हणाले आणि पाहतात तो आरसा. जगभरच्या रुग्णांना जवळून ओळखणाऱ्या या माणसाला माजोरडं म्हणणार का?

‘लक्ष दिलं तर राहतं की ध्यानात!’ हा यावरचा ठरलेला टोला. जेरेमी विल्मर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हीच कसोटी जुळ्यांना दिली. एकसारख्या जुळ्यांचे गुण एकमेकांशी ०.७० इतके जुळले, साध्या जुळ्यांचे ०.२९. दोन्हीकडे घर एकच, आईबाप तेच, शाळा तीच. मग एवढी तफावत बहुतांशी आनुवंशिकतेचीच म्हणायची. शिवाय शब्द लक्षात ठेवण्याशी या गुणांचा संबंध अगदीच किरकोळ निघाला. म्हणजे पाढे तोंडपाठ असणारा आणि आत्याला न ओळखणारा भाचा एकच असू शकतो.

आता बाकीचे गैरसमज.

‘कार्डावर फोटो आहे ना, मग ओळख पटलीच.’ ओळखीचा चेहरा ओळखणं आणि अनोळखी चेहरा फोटोशी ताडून पाहणं ही दोन निराळी कामं आहेत. रॉब जेंकिन्स यांनी २०११ मध्ये दोन डच व्यक्तींचे मिळून ४० फोटो ब्रिटिशांपुढे ठेवले आणि माणसागणिक गठ्ठे लावायला सांगितले. गठ्ठे पडले सरासरी साडेसात! त्या दोघींना ओळखणाऱ्या डच लोकांनी जवळपास बिनचूक दोन गठ्ठे लावले.

‘वर्षानुवर्षं तेच काम केलं की नजर तयार होते.’ ऑस्ट्रेलियात पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी घेतली (२०१४). समोर उभ्या माणसाचा नसलेला फोटो त्यांनी शंभरात १४ वेळा ‘बरोबर’ म्हणून पास केला. नोकरीची वर्षं आणि अचूकता यांचा मेळ बसला नाही.

‘पूर्वीच्या माणसांची नजर पक्की होती.’ मग सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचं काय? १७६१ ला पानिपत झालं, पुढे काही वर्षांत हा उपटला. भाऊंना डोळ्यांनी पाहिलेले लोक हयात असताना वाद मिटला नाही. तोतया कैदेत गेला, सुटला, कोकणात फौज जमवून बसला आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाल्यावर प्रकरण थांबलं. राजकारण होतंच त्यात, पण राजकारण पेलायला चेहऱ्याची एवढी साशंकता पुरेशी ठरली.

‘मेंढरं सगळी सारखीच.’ धनगराला विचारा. आणि मेंढरांनाही: केंब्रिजजवळच्या प्रयोगात (२००१) त्यांनी पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवले. उलट, मेंदूच्या झटक्याने माणसांचे चेहरे ओळखू न येणाऱ्या एका ब्रिटिश गृहस्थाने नंतर कळप पाळला. त्यातल्या मेंढ्या त्याला चेहऱ्यावरून ओळखू येत.

‘चिनी सगळे सारखेच दिसतात.’ त्यांनाही आपण तसेच दिसतो. लहानपणापासून जे चेहरे पाहतो त्यांतलेच बारकावे आपल्याला टिपता येतात.

म्हणून मोबाइलवर अशी चाचणी सोडवून कमी गुण आले तर लगेच मेंदूचे डॉक्टर गाठू नका. मूळ कसोटीतले चेहरे गोऱ्या तरुणांचे आहेत. चिनी संशोधनासाठी चिनी चेहऱ्यांची वेगळी कसोटी बेतावी लागली, ती याचमुळे.