विमानाचा धूर आणि बेटांचे भवितव्य

एकोणिसाव्या शतकात कोकणातील काही माणसे जहाजात बसून मॉरिशसला गेली आणि उसाच्या मळ्यांत गिरमिटावर राबली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात. तेथील शाळांतून मराठी शिकवली जाते. त्यांच्या पूर्वजांना समुद्र ओलांडायला कित्येक आठवडे लागले. आज विमान तेच अंतर काही तासांत कापते. मॉरिशस, मालदीव, फिजी या देशांची चूल बरीचशी पर्यटकांवर पेटते आणि बहुतेक पर्यटक येतात ते विमानाने. परंतु विमानाचा धूर ज्या वातावरणात मिसळतो, ते तापत चालल्याने समुद्राची पातळी वाढते आहे. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी या बेटांची अवस्था आहे.

या पेचावर एक तोडगा पुढे आला आहे. इंग्रजीत त्याला ‘कार्बन ऑफसेटिंग’ म्हणतात. आपण त्याला ‘कार्बनची भरपाई’ म्हणू. तो तोडगा खरोखर किती उपयोगाचा आहे, हे पाहण्याचा हा अल्प प्रयत्न.

प्रथम थोडा हिशेब. एक टन विमान-इंधन जळले की सुमारे ३.१६ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका टनातून तीन टन कसे, असे आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना वाटेल. इंधनातील कार्बनशी हवेतील ऑक्सिजनचा संयोग होतो आणि वजन वाढते ते त्या ऑक्सिजनचे. माणसाच्या व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. मोटारगाडी विजेवर चालवता येते. पण समुद्रापार नेणारे विमान बॅटरीवर उडवायचे, तर बॅटरीचेच ओझे पेलवत नाही.

दुसरी अडचण मालकीची. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाचा धूर भारताचा की ब्रिटनचा? १९९७ च्या क्योटो कराराने हा गुंता माँट्रियल येथील आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवला. तिला उत्तर शोधायला जवळजवळ वीस वर्षे लागली. २०१६ साली तिने ‘कॉर्सिया’ नावाची योजना मंजूर केली.

तिचे तत्त्व सोपे आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय उड्डाणांतून जेवढा कार्बन बाहेर पडला, त्याच्या ८५ टक्क्यांवर एक रेषा आखली आहे. त्या रेषेवर जेवढी वाढ होईल, तेवढ्याची भरपाई विमान कंपन्यांनी करायची. ती कशी? अन्यत्र कोणी जंगल राखून वा धूर कमी करून एक टन कार्बन वाचवला, तर त्याला एक ‘क्रेडिट’ मिळते. कंपनीने ते विकत घ्यायचे. २०२६ अखेरपर्यंत देशांचा सहभाग ऐच्छिक आहे; २०२७ पासून भारतासह बहुतेक मोठ्या देशांना तो बंधनकारक आहे. छोट्या बेटराष्ट्रांना सक्तीतून सूट आहे. मात्र रेषेखालच्या धुराला ही योजना हात लावत नाही, आणि मुंबई-नागपूर यांसारखी देशांतर्गत उड्डाणेही तिच्यात येत नाहीत.

यात बेटांचा लाभ तो कोणता? गयानाचे उदाहरण घेऊ. हा देश दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर असला, तरी संयुक्त राष्ट्रसंघ त्याची गणना छोट्या बेटराष्ट्रांच्या गटातच करतो. त्याची सुमारे ८५ टक्के भूमी जंगलाने व्यापलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला सत्तर लाखांहून अधिक क्रेडिट्स मिळाली. कॉर्सियाच्या २०२४ ते २०२६ या टप्प्यासाठी ग्राह्य ठरलेली ती पहिलीच. जंगलाच्या क्रेडिट्समधून येणाऱ्या पैशांतील १५ टक्के वाटा तेथील आदिवासी गावांसाठी राखलेला आहे. झाड तोडून मिळणारा पैसा एकदाच येतो. झाड उभे ठेवून तो वर्षानुवर्षे येऊ शकतो, हे गावाला पटले तर कुऱ्हाड थांबते. फिजीने २०२१ साली जागतिक बँकेशी असाच करार केला. तो विमानांसाठी नव्हता, पण त्यावरून दराची कल्पना येते : २५ लाख टन कार्बनसाठी जास्तीत जास्त सव्वा कोटी डॉलर, म्हणजे टनाला पाच डॉलर.

आता नाण्याची दुसरी बाजू. मालदीवची सुमारे ८० टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरहूनही कमी उंचीवर आहे. तुवालूची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास; सारा देश प्रवाळबेटांचा. यांच्याकडे विकायला जंगल कोठे आहे? ज्याचे घर सर्वांत आधी बुडणार, त्याच्याच पदरी या बाजारातून सर्वांत कमी पडते.

शिवाय भरपाई खरी की कागदी, हाही प्रश्न आहे. एखादा म्हणाला, “मी दहा लाडू खाणार होतो, सहाच खाल्ले, वाचलेले चार विकत घ्या,” तर तो खरोखर दहा खाणार होता हे कशावरून? जंगलाचेही तसेच. ते तोडले जाणारच होते, हे सिद्ध करणे कठीण असते. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या विमान कंपनीच्या काही जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. झाडे लावण्याच्या परिणामाचे चित्र त्यांत फारच गोड रंगवले होते. विमानाने सोडलेला कार्बन शतकानुशतके हवेत राहतो. राखलेले जंगल एका वणव्यात जळू शकते. धूर आकाशात आणि इलाज कागदावर राहिला, तर ते ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’च.

मग उपाय? बेटराष्ट्रांचे म्हणणे साधे आहे : कार्बनच्या प्रत्येक सौद्यातून थोडा हिस्सा बुडणाऱ्यांच्या संरक्षणासाठी काढा. पॅरिस कराराखालील एका बाजारात तसा पाच टक्के हिस्सा बंधनकारक आहे. देशादेशांतील थेट सौद्यांनाही तो लावावा, ही मागणी २०२१ साली ग्लासगो येथे मान्य झाली नाही. कॉर्सियातही अशी सक्ती नाही. त्याआधी, २००८ साली, मालदीवने गरीब देशांच्या वतीने आंतरराष्ट्रीय विमान तिकिटावर छोटा अधिभार सुचवला होता. जंगल असो वा नसो, त्यातून बांध, गोडे पाणी आणि घरे यांसाठी पैसा उभा राहिला असता. माझ्या मते भरपाईच्या बाजारापेक्षा हा मार्ग अधिक न्याय्य आहे.

शेवटी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. २०१९ साली वानुआतूमध्ये कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवले की, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे जायला हवा. वानुआतूच्या सरकारने तो उचलून धरला. २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील न्यायालयाने मत दिले : हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्याला नुकसानभरपाईही द्यावी लागू शकते. ही खरी भरपाई; ती बाजारात विकत मिळत नाही. ती मागण्याची सुरुवात झाली, ती आपल्यासारख्याच एका वर्गात.