रिंगा बसेपर्यंत

मराठीच्या प्राध्यापकाला लोक शुद्धलेखन विचारतात, लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला देतात, फार तर बारशाला नाव सुचवायला सांगतात. मोटारीच्या इंजिनाविषयी कोणी माझा सल्ला घेईल अशी कल्पना मला स्वप्नातही आली नव्हती. पण गेल्या वर्षी श्रावणात तो प्रसंग आला खरा.

झाले असे, की माझ्या भाच्याने बी.एम.डब्ल्यू.ची एम-टू ही मोटार घेतली. दोन दारे, सहा सिलिंडर, तीन लिटरचे इंजिन आणि चारशेहून अधिक अश्वशक्ती. एवढे घोडे पेशव्यांच्या एखाद्या लहानशा पथकातही नसतील! आमच्या भावोजींना ही खरेदी मुळीच पसंत नव्हती. त्या पैशात औंधाला फ्लॅट झाला असता, हे त्यांचे पालुपद. पण एकदा मोटार दारात आल्यावर त्यांनी तो विषय सोडला आणि दुसरा धरला. ती चालवायची कशी?

भावोजींनी १९९० च्या सुमारास घेतलेली नवी पद्मिनी पहिले दीड हजार किलोमीटर ताशी ५० च्या वर नेली नव्हती. भाच्याचे मित्र सांगत होते नेमके उलटे. म्हणे, नवे इंजिन पहिल्याच दिवशी पिळून काढावे, नाही तर ते जन्मभर मंद राहते. येत्या रविवारी पहाटे चारपाच मोटारींची शर्यतवजा सहल ठरली होती आणि या मोटारीच्या मीटरवर तेव्हा जेमतेम ३४० किलोमीटर पडले होते. बापलेक दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी ताईचा फोन आला, "तू ये बाबा. तुझे दोघेही ऐकतात."

माझे ऐकण्यासारखे या विषयात काही आहे हे ताईलाच ठाऊक होते. मी सहासात वर्षांचा असताना अण्णांनी नवी स्कूटर घेतली. किती वर्षे नंबर लावून ठेवला होता, ते आमच्या पिढीला सांगायला नको. आठवडाही झाला नव्हता, तोच धाकटे काका ती मागून घेऊन काकूंसह सासवडला निघाले. दिवे घाट, वर दोन माणसे, आणि काकांची मूठ पुरती पिळलेली. अर्ध्या घाटात पिस्टन जॅम झाला, मागचे चाक जागीच अडकले आणि दोघे रस्त्यावर आली. काकूंचे मनगट मोडले. स्कूटर थंड झाल्यावर पुन्हा सुरू झाली, पण सिलिंडरवर ओरखडे उठले ते उठलेच. अण्णांनी तोंडातून शब्द काढला नाही. पण त्या वर्षी भाऊबीजेला दोन्ही घरांची पंगत एकत्र बसली नाही, एवढे मला पक्के आठवते.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर नाना पेठेत एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सिलिंडर बोअर करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी बाकावर ठेवलेला एक सिलिंडर उचलून माझ्यापुढे उजेडात धरला आणि म्हणाले, "सर, आत बघा."

मी पाहिले. भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल असे मला वाटले होते. तसे नव्हते. तिच्यावर दोन दिशांनी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी होती. हेच होनिंग. वाचक भगिनींना एवढे सांगितले म्हणजे पुरे, की नव्या पाट्याला टाकी लावतात ना, त्यातलाच हा प्रकार, फक्त फार नाजूक. या रेघांत तेल धरून राहते. आणि रेघांमधले जे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर पिस्टनच्या रिंगा घासून घासून दोघे एकमेकांना जुळतात. कोल्हापुरी वहाण पायाला जुळते तशा. मिस्त्रींच्या भाषेत याचे नाव 'रिंगा बसणे'.

आता गंमत पाहा. रिंग भिंतीला दाबून धरण्याइतका ताण तिच्या अंगचा थोडाच असतो. सिलिंडरात पेट्रोल जळते, त्या वायूचा दाब रिंगेच्या मागे खाचेत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. म्हणजे इंजिनावर काही भारच घातला नाही, नुसते गोगलगायीसारखे चालवले, तर रिंगा भिंतीला नीट भिडतच नाहीत. तेल वर येते, करपते आणि रेघांमध्ये थर होऊन बसते. भिंत काचेसारखी चकचकीत होते. दिसायला सुंदर, पण निकामी! मग इंजिन 'ऑइल मारते', निळा धूर सोडते, आणि ते खोलून पुन्हा टाकी लावण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणजे भाच्याच्या मित्रांच्या बोलण्यात तथ्य होते.

पण अर्धेच. कारण ते उंचवटे झिजायच्या आतच पूर्ण जोर लावला तर घर्षणाची उष्णता नेमकी त्यांच्याच टोकांवर एकवटते, तेलाचा पापुद्रा फाटतो, धातूला धातू चिकटतो आणि ओरबाडतो. दिवे घाटात झाले ते हेच. तिथे तर पेट्रोलात मिसळलेल्या तेलाखेरीज पिस्टनला दुसरा आधारच नव्हता. तेव्हा भार घालावा, पण बेताचा. आणि एकसारखा नव्हे, तर चढउतार करीत. चढावर रिंगा दाबल्या जातात. उतारावर गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की सिलिंडरात पोकळी होते, थोडे तेल वर ओढले जाते, भिंती निवतात आणि झिजेचा कीस धुऊन निघतो. मिस्त्री म्हणाले, "सरळ रस्ता नको. घाटात न्या."

इतके कळल्यावर मी माझ्या धंद्याचे काम केले, म्हणजे पुस्तक वाचले. मोटारीबरोबर आलेले ते जाडजूड पुस्तक दोघांपैकी एकानेही उघडले नव्हते! त्यात सारे स्वच्छ लिहिले होते. पहिले २००० किलोमीटर वेग आणि फेऱ्या सतत बदलत्या ठेवा. मिनिटाला ५५०० फेऱ्यांच्या किंवा ताशी १७० किलोमीटरच्या वर जाऊ नका. पूर्ण जोर लावू नका. नव्या टायरांची पकड पहिले ३०० किलोमीटर पुरती येत नाही, ब्रेक नि क्लच ५०० किलोमीटरनंतर कुठे रुळतात. त्यानंतरही ५००० पर्यंत वेग हळूहळूच वाढवा. १७० ची मर्यादा वाचून भावोजींना घाम फुटला. जर्मनीतल्या महामार्गांवर बऱ्याच ठिकाणी वेगाला बंधन नाही, त्यांच्यासाठी लिहिलेले ते वाक्य. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० चीच मर्यादा आहे, आणि तो २००२ साली पुरा झालेला रस्ता नव्या इंजिनाला तसाही सोयीचा नाही, कारण तिथे तासभर एकाच वेगाने जाणे होते.

सगळ्या कंपन्यांचे मत एक नसते, हेही तेव्हाच कळले. पोर्शेवाले अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना पहिले ३००० किलोमीटर ४००० फेऱ्यांच्या आत राहायला सांगत आले आहेत. मिआटा बनवणारी माझदा म्हणते, खास काही करायची गरज नाही. फक्त पहिले १००० किलोमीटर इंजिन उगाच रेटू नका आणि एकाच वेगाने फार वेळ जाऊ नका. अमेरिकन कॉर्व्हेटचे नवे रूप तर गिऱ्हाइकावर विश्वासच ठेवत नाही. पहिले ८०० किलोमीटर ती स्वतःच खालच्या गिअरांत आपला जोर आवरून धरते. होंडावाले कारखान्यातले पहिले तेल वेळेआधी बदलू नका म्हणतात, तर एम-टूला २००० किलोमीटर झाले की इंजिनाचे आणि मागच्या डिफरन्शियलचेही तेल बदलावेच लागते. म्हणून शेजाऱ्याच्या मोटारीचा नियम आपल्या मोटारीला लावू नये. भावोजींचा ५० चा नियमही पद्मिनीच्या काळात चुकीचा नव्हता. इंग्लंडात एके काळी नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी लावून मंडळी रस्त्याच्या कडेने जात. आता होनिंगचे उंचवटे कारखान्यातच बरेचसे उतरवलेले असतात, तेले सुधारली आहेत. एम-टूच्या सिलिंडरात लोखंडी बाही नसते, ॲल्युमिनियमवर वितळलेल्या लोखंडी तारेचा फवारा मारलेला असतो.

रविवारची सहल रद्द झाली. त्याऐवजी आम्ही तिघे निघालो. भावोजी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून. दारात इंजिन घुरघुरत ठेवायचे नाही, लगेच निघायचे, पण तेल तापेपर्यंत बेताने, हे मी वाचून दाखवले होते. पाणी लवकर तापते, तेल मागाहून. कात्रज, खंबाटकी, सुरूर फाट्यावरून वाई आणि मग पसरणी घाट. भाचा तिसऱ्या गिअरमध्ये ४५०० पर्यंत चढवी, सोडी, पुन्हा चढवी. वळणांवर मी डोळे मिटून घेत होतो. पाचगणीला चहा घेताना भावोजी एवढेच म्हणाले, "ब्रेक बरा मारतोस."

अशा सहा खेपा झाल्या. नवरात्रात २००० पुरे झाले तेव्हा तेल बदलायला आम्ही तिघेही गेलो. डिफरन्शियलचे काढलेले तेल भावोजींनी मागून घेतले, दोन बोटांत चोळले आणि उजेडात धरले. त्यात चंदेरी कीस बारीक चमकत होता. "पद्मिनीचेही असेच निघाले होते," ते म्हणाले. तंत्रज्ञ हसला, हे असेच असते म्हणाला.

बाहेर आल्यावर भाच्याने किल्ली पुढे केली. "बाबा, आता तुम्ही घ्या."

भावोजींनी आरसे नीट केले, सीट पुढे घेतली आणि मोटार रस्त्यावर काढली. घरापर्यंत काटा ५० च्या वर गेला नाही. मागून हॉर्न वाजत होते. भाचा खिडकीतून हात बाहेर काढून एकेकाला पुढे जायची खूण करीत होता.