कुतूहल : नेमबाजाची गोळी हळू का?

कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं. टीव्हीवर बघताना वाटतं, गोळी सुसाट सुटली. प्रत्यक्षात ती आवाजापेक्षाही हळू जाते, सेकंदाला साधारण ३३० मीटर. आणि हे मुद्दामच! आवाजाहून वेगानं निघालेली गोळी हवेत मंदावते, ध्वनीच्या वेगाखाली उतरताना डगमगू शकते. इथं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, डगमगून कसं चालेल?

वेग बेताचा, म्हणून गोळी नुसत्या शिशाची, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात. वजन २.६ ग्रॅम. मऊ शिसं नळीतल्या पिळदार खाचांत घट्ट बसतं आणि गोळी भोवऱ्यासारखी गरगरत नाकासमोर जाते. लष्करी रायफलच्या गोळीचा वेग याच्या दुपटीहून जास्त; त्या वेगात हेच शिसं सोलून खाचांना चिकटेल. म्हणून तिथं तांब्याचं आवरण लागतं.