माशीच्या एक दिवस आधी

लहानपणी आमच्या दारात चार-पाच शेळ्या असत. एका पावसाळ्यात नुकत्याच जन्मलेल्या करडाची नाळ ओली राहिली. तिसऱ्या दिवशी ते दूध पिईना. अम्मीनं त्याला उलटं करून पाहिलं, तर बेंबीत अळ्या वळवळत होत्या. अब्बांनी सीताफळाचा पाला वाटून भरला, टर्पेंटाइनचा बोळा लावला. पण करडू गेलं. ‘एक दिवस आधी पाहिलं असतं तर...’ एवढंच अम्मी म्हणाली. श्रोतेहो, हा ‘एक दिवस आधी’ शोधण्याचं एक शास्त्र आहे. आज त्याविषयी थोडं बोलतो.

अमेरिका खंडात स्क्रूवर्म नावाची माशी आहे. तिची एक चुलतबहीण आपल्या भारतातही आढळते. इतर अनेक माश्यांच्या अळ्या मेलेल्या मांसावर जगतात. हिच्या अळ्या जिवंत जनावराचं मांस खातात. गोचीड चावलेली जागा, वासराची ओली नाळ, एवढं निमित्त तिला पुरतं. एका वेळी ती २०० ते ३०० अंडी घालते. अळ्या ५-७ दिवस जखम पोखरतात, मग जमिनीवर पडून मातीत कोष करतात.

ही माशी उद्या कुठं पोहोचेल, हे सांगायचं कसं? पहिला आधार हवामानाचा. उबदार मातीत कोषातून आठवड्याभरात माशी निघते. गारठ्यात त्यालाच दोन महिने लागतात आणि कडाक्याच्या थंडीत कोष मरतो. दुसरा आधार कुठं किती जनावरं आहेत याचा, तिसरा सापडलेल्या जखमांच्या नोंदींचा. हे तिन्ही नकाशावर मांडले की माशीची वाट दिसू लागते.

या वाटेवर उपायही पेरता येतो. या माशीची मादी आयुष्यात साधारण एकदाच संग करते. हे हेरून एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गानं वांझ केलेले नर सोडण्याची युक्ती काढली. १९५४ मध्ये क्युरासाव बेटावर ती यशस्वी झाली. पुढं अमेरिका, मेक्सिको करत माशीला पनामापर्यंत मागं रेटलं गेलं. वांझ माश्या विमानातून कुठं सोडायच्या, हे अंदाजावरच ठरतं.

मग अंदाज चुकतो कुठं? माशी नेहमी स्वतःच्या पंखांनी जात नाही, तिथं. १९३३ मध्ये ती जनावरांबरोबर अमेरिकेच्या आग्नेय भागात गेली. १९८८ मध्ये तर समुद्र ओलांडून लिबियात निघाली. पनामात वर्षाला सरासरी २५ जनावरं सापडत. २०२३ मध्ये साडेसहा हजारांहून अधिक सापडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मेक्सिकोत पोहोचली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीमेपासून सुमारे ११० किलोमीटरवर एक बाधित जनावर आढळलं. प्राथमिक माहितीनुसार ते दक्षिणेकडच्या बाधित भागातून आणलेलं होतं. माशी किती उडेल याचं गणित करता येतं; रात्री आडवाटेनं निघालेल्या गाडीचं कसं करणार?

म्हणून नकाशा कितीही चांगला असला, तरी तो गोठ्यातून आलेल्या खबरीवर उभा असतो. जनावर विकलं जाणार नाही या भीतीनं एखाद्यानं जखम लपवली, की नकाशावर तेवढी जागा कोरी राहते. माशी तिथंच वाढते.

बकरी ईदच्या आधी आमच्याकडे जनावर निरखून घेतात. कान, शिंग, खूर पाहतात, अंगावरून हात फिरवतात. त्यात खोट नसावी असा दंडक आहे. तोच हात वर्षभर प्रत्येक जनावरावरून फिरावा, व्यालेल्या शेळीच्या पिलावरून तर रोज. काही दिसलं, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना सांगावं. अम्मीचं वाक्य अर्धं राहिलं होतं. ते पूर्ण करणं आपल्या हातात आहे.

(संपादित नभोवाणी भाषण)