वितळलेली घडणावळ आणि चार हिरवे खडे

मार्च १९८१. मेक्सिको सिटीच्या मध्यभागी, आलामेदा उद्यानाजवळ, एका इमारतीच्या पायाचे खोदकाम चालू होते. जमिनीखाली जवळपास पाच मीटरवर एका मजुराला सोन्याची लगड सापडली. वजन १.९३ किलो, लांबी सव्वीस सेंटिमीटर, रुंदी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. तिच्यावर नक्षी नाही, मूर्ती नाही, अक्षरही नाही.

जिथे ती सापडली तिथे पूर्वी कालवा होता. अ‍ॅझ्टेकांची, म्हणजेच मेशिका लोकांची राजधानी तेनोच्तित्लान ही सरोवरातली नगरी. ३० जून १५२० च्या रात्री हर्नान कोर्तेस आणि त्याचे स्पॅनिश सैनिक लूट घेऊन तिथून निसटायला निघाले. मेशिकांना चाहूल लागली, हल्ला झाला आणि अंगावर सोने बांधलेले कित्येक सैनिक कालव्यात बुडाले. लगड त्या रात्रीचीच असावी, असा अंदाज सुरुवातीपासून होता. पुरावा आला २०२० मध्ये. तेनोच्तित्लानच्या मुख्य मंदिराच्या उत्खननात मिळालेले दागिने आणि ही लगड यांची क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धतीने तुलना झाली. या पद्धतीत धातूवर क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकते आणि वस्तूला ओरखडाही न पडता तिच्यातले मिश्रण कळते. सोने, चांदी आणि तांबे यांचे लगडीतले प्रमाण मंदिरातल्या दागिन्यांशी जुळले.

म्हणजे ही लगड एकेकाळी दागिने होती. आपल्याकडे जुना डाग मोडीत घातला की घडणावळ बुडते, हे सोनाराच्या दुकानात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. इथे एका संस्कृतीची घडणावळ बुडाली. कोर्तेसबरोबर आलेला सैनिक बर्नाल दियाझ लिहितो की, मेशिकांचा सम्राट मोक्तेसुमा याचा खजिना सुटा करायला आस्कापोत्साल्को गावचे सोनार बोलावले गेले आणि सोने वितळवून तीन बोटे रुंदीच्या लगडी पाडल्या गेल्या. सापडलेल्या लगडीची रुंदीही साधारण तेवढीच. ज्या गावाने अलंकार घडवले त्याच गावाच्या हातांकडून ते मोडवून घेतले गेले. या साऱ्या इतिहासात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट १५२० मध्ये, कोर्तेसने सम्राट पाचव्या चार्ल्सला आधीच रवाना केलेला नजराणा ब्रसेल्समध्ये मांडला होता. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो पाहिला. सुमारे सहा फूट रुंदीचा सोन्याचा सूर्य, तेवढाच चांदीचा चंद्र. ड्यूरर स्वतः सोनाराचा मुलगा, वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. परक्या देशातल्या कारागिरांच्या कल्पकतेने आपण थक्क झालो, असे त्याने रोजनिशीत नोंदवले. तो सूर्यही उरला नाही, चंद्रही नाही.

उरले ते कसबाचे वर्णन. बर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने स्थानिक विद्वानांच्या साहाय्याने नावात्ल आणि स्पॅनिश भाषांत बारा भागांचा ग्रंथ तयार केला. त्याचा नववा भाग व्यापारी, सोनार, मणिकार आणि पिसांचे काम करणारे यांच्याबद्दल आहे. त्यातली ओतकामाची कृती इतकी तपशीलवार आहे की वाचताना भट्टीचा धूर जाणवतो. आधी चिकणमाती आणि कोळशाची पूड मळून गाभा करायचा, तो वाळला की तांब्याच्या पात्याने कोरायचा. कासव असेल तर कवच, मान, पाय, सगळे याच वेळी. मग मधमाश्यांच्या मेणात पांढरा कोपल, म्हणजे एक सुगंधी डिंक, घालून उकळायचे. नुसते मेण मऊ पडते, कोपलाने त्याला ताठपणा येतो. ते गाळून, सपाट दगडावर लाकडी लाटण्याने अगदी पातळ लाटायचे आणि गाभ्यावर चढवायचे. त्यावर कोळशाच्या बारीक पुडीचा लेप, वर जाडसर मातीचे कवच. भट्टीत मेण वितळून वाहून जाते आणि त्या रिकाम्या जागेत सोन्याचा रस उतरतो.

या अलंकारांवरची जाळीदार नक्षी पाहून ते तारकाम आहे, बारीक तारा डागून जोडल्या आहेत, असे वाटते. तसे नाही. मेणाचे धागे वळून गाभ्यावर चिकटवले आणि सगळे एकाच वेळी ओतले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सापाच्या आकाराचा सोन्याचा ओठमणी आहे. खालच्या ओठाखाली भोक पाडून घालायचा हा दागिना. सापाचा जबडा उघडा, सुळे स्पष्ट, आणि त्याची दुभंगलेली जीभ वेगळी ओतून अशी बसवली आहे की ती आतबाहेर सरकते, डावीउजवीकडे हलते. ज्या दरबारात वक्तृत्व हा थोरपणाचा पुरावा मानला जाई, तिथे बोलणाऱ्याच्या ओठाखाली सापाची जीभ वळवळत असेल! असा ओठमणी कुणीही घालू शकत नसे. राजघराणे, सरदार आणि रणांगणावर नाव काढलेले योद्धे यांनाच तो मान होता. सामान्य माणसाने सोने अंगावर घालणे हा गुन्हा होता.

सोनारांचा देव शिपे तोतेक. सोललेली कातडी पांघरणारा, जुने कवच टाकून नवे धारण करणारा. ओतलेल्या दागिन्यावर ते शेवटी करत ती प्रक्रियाही कातडीचीच होती. आधी तुरटीच्या पाण्यात धुणे, तापवणे, मग पिवळी माती आणि मीठ यांचे मिश्रण चोळणे. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पृष्ठभागावरचे तांबे आणि चांदी यामुळे निघून जाते आणि वर शुद्ध सोन्याचा पातळ थर राहतो. आत मिश्रधातू, बाहेर झळझळीत पिवळा रंग. रंगाचे हे वेड पश्चिम मेक्सिकोच्या घंटांतही दिसते. डोरोथी हॉस्लर या संशोधिकेने दाखवून दिले की, तिथले कारागीर तांब्यात कथील किंवा आर्सेनिक मजबुतीला लागते त्याहून कितीतरी जास्त घालत. कथिलाने सोनेरी झाक यावी, आर्सेनिकाने रुपेरी, यासाठी.

इतके असूनही मेशिकांच्या लेखी सोने पहिल्या क्रमांकावर नव्हते. तो मान हिरव्या जेडचा, पिरोजाचा आणि केत्झाल पक्ष्याच्या हिरव्या पिसांचा. हिरवा दगड म्हणजे पाणी, मक्याचे कोवळे पान, श्वास. सरदार मेला की त्याच्या तोंडात हिरवा मणी ठेवत, तो त्याचे हृदय समजला जाई. पिरोजा अग्नीचा, काळाचा आणि राजाचा. पिरोजाचा टोकदार मुकुट फक्त राजाच्या कपाळी. बर्नाल दियाझने हे ओळखले होते. त्या पळापळीच्या रात्री इतरांनी लगडी उचलल्या, त्याने फक्त चार हिरवे खडे घेतले. पुढे जखमा बऱ्या करायला आणि पोटापाण्याला तेच उपयोगी पडले, असे तो सांगतो.

हे दगड घासायला लोखंड नव्हते. मुख्य मंदिराच्या संग्रहालयातले पुरातत्त्वज्ञ एमिलियानो मेल्गार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या दगडांवर, वेगवेगळ्या हत्यारांनी स्वतः काम करून पाहिले आणि त्या खुणा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या मण्यांवरच्या खुणांशी ताडल्या. बेसॉल्टवर घासणे, ज्वालामुखी काचेच्या कपच्यांनी कापणे आणि गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या टोकाने भोक पाडणे, अशी तेनोच्तित्लानच्या कारखान्यांची ठरलेली रीत त्यातून पुढे आली. मण्यावर सही नसते, पण हाताची सवय उमटलेली असते.

ब्रिटिश म्युझियममधला छातीवर बाळगायचा दुतोंडी साप या कामाचा कळस आहे. आतला सांगाडा लाकडाचा. ते झाड आपल्या कडुनिंबाच्याच कुळातले. त्यावर पिरोजाचे जवळजवळ दोन हजार तुकडे चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरच्या लांबीत बसवले आहेत. नाकाचा आणि हिरड्यांचा लाल रंग काटेरी शिंपल्याचा, दात शंखाचे. तुकडे चिकटवायला पाइनची राळ आणि कोपल वापरल्याचे रासायनिक विश्लेषणातून कळले आहे. मागच्या बाजूने लाकूड कोरून पोकळ केले आहे, म्हणजे वजन कमी व्हावे. ब्रसेल्समधल्या सूर्यासारखा हा साप वितळवता येण्याजोगा नव्हता.

हा पिरोजा यायचा कुठून? आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या खाणींतून, हजारो किलोमीटरच्या व्यापारी वाटेने, असे अनेक दशके शिकवले गेले. २०१८ मध्ये अ‍ॅलिसन थिबोडो आणि सहकाऱ्यांनी मुख्य मंदिरातल्या पिरोजाच्या तुकड्यांमधले शिसे आणि स्ट्रॉन्शियम यांचे समस्थानिक मोजले. खडकाचे वय आणि त्यातले युरेनियम, थोरियम, रुबिडियम यांवर या समस्थानिकांचे प्रमाण ठरते, त्यामुळे प्रत्येक प्रदेशाचा ठसा वेगळा असतो. ठसा अमेरिकेच्या नैर्ऋत्येशी जुळला नाही, तो मेक्सिको आणि शेजारच्या मेसोअमेरिकी प्रदेशातल्याच भूस्तरांशी जुळला. पिरोजा तांब्याच्या साठ्यांजवळ, जमिनीच्या वरच्या थरांत तयार होतो. असे लहान साठे साध्या हत्यारांनीही तळापर्यंत उपसले जाऊ शकतात. त्यामुळे मोठ्या खाणीच्या खुणा दिसत नाहीत एवढ्यावरून पिरोजा परक्या मुलखातून आला, हा निष्कर्ष आता काढता येत नाही.